समजा, उद्या डॉलर दहाचा झाला

आमच्या नोगालेसच्या शाळेत चौथीच्या फळ्याचा उजवा कोपरा कुणी पुसायचा नाही, असा नियम होता. तिथे रोज सकाळी डॉलरचा आमच्या पेसोतला भाव लिहिला जायचा. ज्याची पाळी असेल त्या मुलानं शाळेत येताना सरहद्दीच्या फाटकाजवळ, पैसे बदलून देणाऱ्या खिडकीवरचा आकडा बघायचा, पेनानं तळहातावर उतरवायचा आणि वर्गात येऊन फळ्यावर लिहायचा. शेजारी एका पुठ्ठ्यावर ग्वातेमालाचं केत्साल, कॅनडाचा डॉलर आणि कुणाच्या तरी खलाशी मामानं पाठवलेलं जपानी नाणं चिकटवलेलं होतं. एका केत्सालात किती चिंचेच्या गोळ्या येतील, जपानमध्ये बूट घ्यायचे तर किती पेसो लागतील, असली गणितं तिथे दिवसभर चालायची. मी शेजारी तिसरीला शिकवायची. मधली भिंत प्लायवुडची, त्यामुळे चौथीच्या बाई ओतिलिया बुर्केसचा प्रत्येक तास मला आपोआप ऐकू यायचा.

ओतिलिया मुळातच भित्री. घरातून निघताना गॅसचा कॉक तीनदा बघायची, दार उघडण्याआधी पडद्याआडून कोण आहे ते पाहायची, यात्रेच्या गर्दीत तर कधी आलीच नाही. पण हा एक तास ती न घाबरता शिकवायची, आणि त्यामागे तिचे वडील होते. ते रेल्वेत होते. जन्मभराची बचत त्यांनी डॉलरच्या खात्यात ठेवली होती. ब्याऐंशी सालच्या सप्टेंबरात सरकारनं फर्मान काढलं की डॉलरची खाती आता पेसोतच परत मिळतील, एका डॉलरला सत्तर या भावानं. बाहेर खिडकीवर तेव्हा डॉलर शंभराच्या वर होता. वडील खातेपुस्तक हातात धरून काउंटरसमोर उभे राहिले आणि विचारत राहिले, "म्हणजे किती? म्हणजे माझे किती?" आतल्या माणसानं पुढच्याला हाक मारली. शेजारी ओतिलिया उभी होती, अठ्ठावीस वर्षांची, नोकरीतली शिक्षिका. तिलाही तो हिशेब धड मांडता आला नव्हता.

"माझ्या हाताखालून गेलेलं एकही पोर असं तोंड उघडं टाकून उभं राहता कामा नये," ती मला म्हणायची.

त्र्याण्णवात सरकारनं जुन्या हजार पेसोंचा एक नवा पेसो केला, आणि चौऱ्याण्णवच्या नाताळाआधी तोही घसरला. डिसेंबरच्या सुरुवातीला फळ्यावर साडेतीनच्या आत आकडा असायचा. सुट्टीनंतर आलो तर पाचाच्या वर. मग साडेपाच, सहा. पूर्वी मुलं आकडा ओरडत यायची, आता मूठ मिटून यायची. सरहद्दीपलीकडून, जिथे डॉलरच चालतो, दूध आणि कोंबडी आणणं लोकांनी बंद केलं. कारखान्यात वायरिंगचं काम करणाऱ्या बायकांना पगार तोच मिळत होता, पण फाटक ओलांडलं की तो निम्मा व्हायचा. एकदा एका मुलीनं भिंतीपलीकडून विचारलेलं मी ऐकलं, "बाई, हा आकडा कुठे थांबतो?"

खडू टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग ओतिलिया म्हणाली, "वह्या काढा."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. गुरुवारी शेवटच्या तासाला तिनं फळ्यावर एक उदाहरण लिहिलं: समजा, उद्या डॉलर दहा पेसोंचा झाला. आईचा आठवड्याचा पगार एकशे ऐंशी पेसो. तर तो किती डॉलर झाला? निम्म्या वर्गानं तिथेच सोडवलं, उरलेल्यांनी घरी करायचं म्हणून उतरवून घेतलं. तेवढ्यात घंटा झाली. ब्रिसेइदा नावाची एक नऊ वर्षांची चुणचुणीत पोर होती, तिला घाई झाली असावी. तिच्या वहीत एवढंच उतरलं: उद्या डॉलर दहा पेसोंचा.

त्या दिवशी खिडकीवर भाव होता सात चाळीस.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला एक आई मुलाला न्यायला आली. मग दुसरी. मग चार-पाच जणी एकदमच, कारखान्याच्या निळ्या झग्यातच, पाळी अर्धवट टाकून आलेल्या. मी व्हरांड्यात गेले. एक बाई ओतिलियाचा हात दोन्ही हातांत धरून उभी होती.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही पोरांना सांगितलंत म्हणून आम्हाला कळलं."

"काय कळलं?"

"दहाचं! आज दहा होणार ते! अख्खी वसाहत पतपेढीपाशी गेलीय. पैसे काढून आजच डॉलर करून ठेवायचे. पोराला घेऊनच जाते, रांगेत जागा धरायला एक माणूस लागतं."

ती गेली. ओतिलिया माझ्याकडे वळली.

"मातिल्दे, मी असं नाही म्हटलं."

"मला माहीत आहे. मी ऐकलंय."

"त्या पतपेढीत सगळ्यांना द्यायला एकदम पैसे नसतात गं. कुठल्याच पतपेढीत नसतात. हे मीच शिकवलंय त्यांना. दार बंद झालं तर..." भिंतीला हात लावून ती उभी राहिली आणि मग म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. मी एकटी गेले तर अर्ध्या वाटेतून परत येईन."

मुख्याध्यापकांना न विचारताच आम्ही उरलेली मुलं शिपायावर सोपवली आणि निघालो. आमची वसाहत टेकडीच्या उतारावर. जुने टायर पुरून केलेल्या पायऱ्या उतरून खाली गेलं की पतपेढी. धुळीचा वारा सुटला होता. गर्दी दिसण्याआधी तिचा आवाज आला. ओरडा नव्हता तो, नुसता घुमणारा गलका. ओतिलियानं माझं मनगट धरलं, तिची नखं रुतत होती.

तीनशे माणसं तरी असतील. लोखंडी शटर अर्ध्यावर ओढलेलं, त्याखालून लोक वाकून आत घुसत होते. जाळीला चिकटलेला एक म्हातारा मागच्यांच्या रेट्यानं नीट श्वाससुद्धा घेऊ शकत नव्हता, त्याची टोपी कुठेतरी पडली होती. बायकांच्या कडेवर तान्ही मुलं. आणि जागोजागी, आयांची बोटं धरून, आमच्या शाळेच्या गणवेशातली पोरं.

पतपेढीचे व्यवस्थापक एफ्राइन साहेब बाजूच्या खिडकीत आले. घामानं सदरा ओला.

"कोणी उठवलीय ही आवई?" त्यांनी आम्हालाच विचारलं. "दुपारपर्यंत पुरतील एवढेच आहेत आत. शटर पाडलं तर हे लोक दार फोडतील. नाही पाडलं तर दोन वाजता रिकामी पेटी दाखवावी लागेल."

"मी उठवली," ओतिलिया म्हणाली. "म्हणजे, माझ्या वर्गातून उठली."

कुणीतरी तिला ओळखलं. "हीच ती बाई! चौथीची!"

गर्दी तिच्याकडे वळली. त्या क्षणी मला खरंच वाटलं की आता आपण चिरडले जाणार. माणसं रागावलेली नव्हती, घाबरलेली होती, आणि तेच जास्त भयंकर होतं. एकानं तिच्या बाहीला धरलं.

"खरं सांगा बाई, दहाच ना? की अजून वर?"

"मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मी फक्त गणित घातलं होतं."

"बघा, बाईला गप्प बसायला सांगितलंय!"

"कालपर्यंत बोलत होती, आज भाषा बदलली. म्हणजे नक्कीच काहीतरी आहे!"

"हिचा भाऊ पलीकडे बँकेत आहे म्हणतात!"

ओतिलियाला भाऊच नव्हता. ती "नाही, नाही" म्हणत होती, आणि प्रत्येक नाहीगणिक लोकांची खात्री वाढत होती. मी तिला मागे ओढू लागले. तेवढ्यात तिला समोर ब्रिसेइदा दिसली. तिची आई नोरा वही उघडी धरून, पुरावा असल्यासारखी, शेजारणीला दाखवत होती.

ओतिलियानं माझा हात सोडला. पतपेढीच्या ओट्यावर नारळपाणीवाल्याची एक लाकडी पेटी होती, तिच्यावर ती चढली. पेटी डुगडुगत होती, मी खालून तिचे गुडघे धरून ठेवले. मोठ्यांशी ती एक शब्द बोलली नाही. वर्गात टाळ्या वाजवायची तशा तिनं तीन टाळ्या वाजवल्या.

"चौथी!"

गर्दीतून, कुठून कुठून, सवयीनं उत्तर आलं, "हजर, बाई!"

"कालचं उदाहरण. पहिला शब्द काय होता?"

दोन-तीन आवाज आले. "समजा!"

"मोठ्यानं. सगळ्यांनी."

"समजा!" आता वीस-पंचवीस पोरं ओरडली. आया खाली बघू लागल्या. "समजा, उद्या डॉलर दहा पेसोंचा झाला! आईचा आठवड्याचा पगार एकशे ऐंशी पेसो! तर तो किती डॉलर झाला?"

"किती झाला?"

"अठरा!"

"आणि आजच्या सात चाळीसनं?"

गोंधळ. बोटं मोजणं. एक पोर ओरडलं, "चोवीस आणि वर थोडे!"

"उद्या दहा होणार, असं कोण म्हणालं?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग ब्रिसेइदाचा बारीक आवाज आला, रडवेला. "बाई, माझं लिहायचं राहिलं. घंटा झाली."

पुढे कुणीतरी हसलं. एका बाईनं कपाळावर हात मारला. "गृहपाठ! पोरांचा गृहपाठ गं हा!" रेटा सैल झाला, जाळीशी अडकलेल्या म्हाताऱ्याला दोघांनी बाजूला काढून बसवलं. सगळे काही गेले नाहीत. तिसरा हिस्सा तरी रांगेत तसाच राहिला. "गृहपाठ असो नाहीतर काही, माझे पैसे मला हवेत," असं ते म्हणत होते. एफ्राइन साहेबांनी माणशी दोनशे पेसोंची मर्यादा घातली आणि संध्याकाळपर्यंत शटर उघडं ठेवलं. पतपेढी तगली.

पण सकाळी सगळ्यात आधी आलेले पैसे घेऊन केव्हाच गेले होते. त्यांत ब्रिसेइदाची आजी होती. कुका आजीचे अठराशे पन्नास पेसो होते, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेले. नातीची वही बघून ती पहाटेच जाऊन बसली होती. सकाळी दहा वाजायच्या आधी तिनं त्यांचे अडीचशे डॉलरही करून टाकले होते.

पुढचे दिवस ओतिलियानं कसे काढले ते मी जवळून पाहिलं. व्हरांड्यात पाऊल वाजलं की तिचा खडू थांबायचा. दोन आठवड्यांनी शाळांच्या निरीक्षकांनी बोलावलं. ती राजीनामा लिहूनच गेली. निरीक्षक म्हणाले, "पुस्तकात आहे तेवढंच शिकवा, बाई. डॉलर-बिलर नको." तेवढंच. राजीनामा पिशवीतच राहिला. फळ्याचा कोपरा तिनं स्वतः पुसला. मुलं काही दिवस सवयीनं तळहातावर आकडा लिहून यायची आणि जागेवर बसून बोटानं पुसून टाकायची.

मे महिन्यात डॉलर उतरला. रस्त्यात कुका आजी दिसली की ओतिलिया दुसऱ्या गल्लीनं जायची.

जूनमध्ये, शाळा सुटल्यावर, कुका आजी स्वतःच आली. काठी टेकत, एक एक पायरी चढून. दारात उभी राहिली. ओतिलिया खुर्चीतून उठली आणि टेबलाला धरून राहिली.

"घाबरू नकोस गं, भांडायला नाही आले," आजी म्हणाली. "नात म्हणते तू हिशेब शिकवतेस. माझे डॉलर आहेत. आता परत पेसो करू का?"

"ते मी सांगणार नाही, आजी. मला विचारू नका."

"मग कोण सांगणार? खिडकीतला पोरगा? तो तर हसतो मला."

ओतिलियानं दार लावून घेतलं, आजीला पहिल्या बाकावर बसवलं आणि खडू घेतला. निरीक्षकांनी बंद केलेला तास तिनं एका म्हातारीसाठी पुन्हा घेतला. मी तोवर व्हरांड्यात होते; मग माझ्या वर्गात जाऊन प्लायवुडपलीकडून ऐकत राहिले. आज खिडकी एका डॉलरला सहा वीस देते. अडीचशे गुणिले सहा वीस.

"पंधराशे पन्नास," बऱ्याच वेळानं आजी म्हणाली. "म्हणजे माझे तीनशे गेले."

"आज बदलले तर गेले."

"आणि थांबले तर?"

"वाढतील किंवा अजून कमी होतील. यापुढचं गणित कुणालाच येत नाही."

"ऑपरेशन सप्टेंबरात आहे," आजी जणू स्वतःशीच बोलली. "तिथे पेसोच लागणार." मग विचारलं, "निम्मे बदलले तर किती होतात?" तो हिशेब तिनं स्वतः केला, जुन्या हजारांच्या भाषेत, कारण नव्या पेसोची तिला अजून सवय नव्हती. सात लाख पंच्याहत्तर हजार. बरोबर होतं. मग बाक सरकला आणि काठीचा आवाज पायऱ्यांवरून खाली गेला.

मी पलीकडच्या वर्गात गेले. ओतिलिया अजून फळ्यापाशीच उभी होती, बोटं खडूनं पांढरी.

"तू ऐकलंस ना सगळं?" तिनं विचारलं. "मी तिला सांगितलं का काय करायचं ते? एक शब्द तरी?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, ओतिलिया. एक शब्दही नाही."

तिनं फळा पुसला, कोपऱ्यापर्यंत, आणि पिशवी घेता घेता पुन्हा एकदा विचारलं.