उलट्या पावलांचा सलाम

बाळांनो,

‘लॉयल’ला मराठीत काय म्हणायचं, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. मी ‘वफादार’ म्हणाले आणि फोन ठेवला. उत्तर अर्धंच दिलं होतं. उरलेलं सांगणारं माझ्यानंतर कुणी नाही, म्हणून लिहिते.

माझे वडील, आबा, देशमुखांच्या गढीच्या पायऱ्यांवरून मागच्या मागे कोसळले. माझ्या डोळ्यांसमोर.

निजामाचं राज्य होतं. जळकोटकडच्या आमच्या गावात मात्र देशमुख म्हणजेच राज्य. आबा त्यांचे हुजरे. मालकाला पाठ दाखवायची नाही, अशी रीत. काम झालं की सलाम करत, उलट्या पावलांनी बाहेर. त्या दिवशी पाहुण्यांपुढे पानाचं तबक ठेवून आबा तसेच मागे सरकले. पायरी चुकली.

हैदराबादचे पाहुणे हसले. देशमुख मांडीवर थाप मारून म्हणाले, “पाहिलंत? पडला, पण पाठ न्हाई दाखवली! याला म्हणतात वफादार. माझा कुत्राबी इतका न्हाई.”

आबांच्या मानेवरून रक्त ओघळत होतं. ते उठले. हात जोडलेलेच.

मला नांदेडच्या शाळेत घालायची परवानगी मागायला आम्ही गेलो होतो. देशमुखांची नजर माझ्यावर आली.

“काय गं, शिकायचंय म्हणं तुला? मग ‘वफादार’ घालून एक वाक्य कर. पाहुण्यांना ऐकू दे.”

आबा कुजबुजले, “बोल माय. ‘माझा बाप मालकाचा वफादार हाय.’ येवढंच बोल. शाळा मिळंल.”

शाळा हवी होती मला. फार हवी होती.

मी म्हणाले, “माझा बाप पडला अन् कुणी उठलं न्हाई. इथं कुणीच वफादार न्हाई.”

हसू थांबलं. मी पाठ फिरवली आणि पायऱ्या उतरू लागले. सरळ. मागून देशमुख ओरडले, “पोरीला आवर, न्हाईतर गाव सोड!”

आबा आवरायला आले नाहीत. मग पायरीवर पावलं वाजली. पुढं तोंड करून चालणाऱ्या माणसाची.

गाव सुटलं. नांदेडला आबांनी कापसाच्या गाठी उचलल्या, मी शिकले. इंग्रजीसुद्धा.

वफादार म्हणजे पडलेल्यासाठी उठणारा. मालक असो की नोकर. जिथं एकानंच वाकायचं असतं, तिथं हा शब्द मी वापरत नाही, आणि तुम्हालाही वापरू देणार नाही.

आबा गेले. देवळातून निघताना बाकीचे उलट्या पावलांनी मागे सरकतात; मी आजही सरळ पाठ फिरवते आणि चालू लागते.