नीलाबाईंच्या माउसचं डावं बटण

चौसाळ्याच्या स्टँडवरून बाजाराकडे वळलं की उजव्या हाताला नीलाबाईंचं दुकान लागतं. पुढे किराणा, मागे एक टेबल आणि त्यावर कॉम्प्युटर नि प्रिंटर. यजमान शिवलिंगप्पा गेले तेव्हा नीलाबाई सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. दुकान चालत होतं, पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की चार भिंती अंगावर यायच्या. म्हणून त्यांनी बीडला जाऊन तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. वर्गात सगळी विशीतली पोरं. पहिल्या दिवशी नीलाबाईंनी माउस उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यावर रोखला. पोरं खो खो हसली. त्याही हसल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. या गोष्टीला दहा वर्षं झाली. आता सातबारा असो, दाखला असो की परीक्षेचा फॉर्म, गाव त्यांच्याकडेच येतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना केसरबाई दुकानात शिरल्या. मागे त्यांची नात, आरोही. केसरबाईंची शेती मोठी आणि आवाज त्याहून मोठा.

"नीला, हातातलं टाक. पोरीचा फारम भर आधी."

"कशाचा, काकू?"

"नर्सिंगचा, मावशी," आरोही म्हणाली. "शेवटची फेरी आहे. कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचाय. पाचला बंद होतंय."

"आजच्या पाचला? मग इतके दिवस का म्हून थांबलात?"

आरोही आजीकडे बघू लागली. केसरबाईंनी पदर सारखा केला. "नांदूरघाटला भावाकडं सोनं द्यायला गेलतो. भाऊ म्हणला ऱ्हावा, ऱ्हायलो. तिथं रेंज न्हाई हे मला काय ठावं?"

"मी सांगत होते," आरोही पुटपुटली.

गुणवत्ता यादीत आरोहीचं नाव होतं. पण क्रम भरला नाही तर ते आपोआप गळणार होतं आणि परीक्षा पुन्हा पुढच्या वर्षी द्यावी लागणार होती. मोबाईलवर ते पान अर्धंच उघडत होतं. नीलाबाईंनी आणखी काही विचारलं नाही. कॉम्प्युटर चालू केला, माउसवर हात ठेवला आणि डावं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, तरी तेच. पडद्यावर बाण छान फिरत होता, पण कुठेही नेऊन दाबला तरी हूं की चूं नाही.

"झोपलं का काय ते?" केसरबाई म्हणाल्या.

नीलाबाईंनी वायर काढून दुसऱ्या खाचेत घातली. फरक पडला नाही. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. तो जुना होता, उठायला त्यानं सात मिनिटं घेतली. केसरबाई तेवढा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि घड्याळावरून नीलाबाईंकडे बघत राहिल्या. उठल्यावरही बाण फिरायचा तेवढा फिरला. उजवं बटण दाबलं की यादी उघडायची, डावं मात्र मुकं.

"दुसरा न्हाई का हा उंदीर?"

"न्हाई, काकू. शेजारचं मोबाईलचं दुकान सोमवारपर्यंत बंद हाय. बीडला जाऊन यायचं तर सहा वाजतील."

"म्हंजे आमच्या पोरीचं साल गेलं!"

"मावशी, कीबोर्डनं जमतंय का बघू," आरोही म्हणाली.

तिची बोटं चपळ होती. टॅब, बाण, एंटर करत करत दोघी पानापर्यंत पोचल्या. केसरबाईंच्या फोनवर ओटीपीचा आकडा आला. त्यांनी फोन हातभर लांब धरून सहाही अंक दुकानभर ऐकू जातील असे वाचले. मग पान उघडलं. डाव्या बाजूला कॉलेजांची यादी, उजवीकडे रिकामी चौकट. डावीकडच्या नावावर दाबायचं, की ते उजवीकडे जाऊन बसणार. पण टॅब दाबला की कर्सर ती यादी ओलांडून पुढेच उडी मारायचा. मागून येऊन बघितलं, तरी तेच. तिथं माउसच हवा होता. चार वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

नीलाबाईंनी माउस उचलून कानाशी धरला. उजवं बटण दाबलं: टिक. डावं दाबलं: काहीच नाही. आवाजही नाही आणि बोटाखाली ते बसतही नव्हतं. म्हणजे खोट कॉम्प्युटरमध्ये नव्हती, बटणाखाली काहीतरी अडकलं होतं. त्या उठून दारातल्या उजेडात गेल्या. बटणाच्या फटीत पिवळसर काहीतरी वाळून घट्ट बसलं होतं.

ते काय आहे ते त्यांनी लगेच ओळखलं. खंडेनवमीला त्यांनी तराजूची पूजा केली होती, प्रिंटरची केली होती, पडद्याच्या कडेला विभूतीची तीन बोटं ओढली होती. आणि रोज हाताखाली राबणारं सगळ्यात लहान हत्यार म्हणून माउसला ओलं हळदीकुंकू लावून वर अक्षता टाकल्या होत्या, चांगल्या चिमूटभर. नंतर फडक्यानं पुसलं, पण वरवर. त्यानंतर आजच कॉम्प्युटर उघडला होता.

वीज कमी-जास्त झाली असेल, असं म्हणता आलं असतं. केसरबाईंनी ते मानलंही असतं.

"काकू," त्या म्हणाल्या, "हे माझ्याच हातानं झालंय. पूजेची अक्षता आत गेलीय वाटतं."

केसरबाई म्हणाल्या, "म्हंजे देवानंच अडवलं म्हणायचं?"

"देव कशाला अडवील? तांदूळ मी टाकला."

नीलाबाईंनी गल्ल्यातून बारीक पेचकस काढला. माउसच्या पोटावरचं स्टिकर नखानं सोडवलं. त्याखाली एकच स्क्रू होता.

"अगं, खोलू नको! हाय तेवढं बी जाईल."

"हाय तेवढं म्हंजे काय, काकू? बाण फिरतोय. नुसत्या फिरणाऱ्या बाणानं कॉलेज मिळत न्हाई."

आरोहीनं मोबाईलची बॅटरी लावून धरली. उजेड थेट नीलाबाईंच्या डोळ्यांवर आला. "माझ्या हातावर धर, तोंडावर नको," नीलाबाई म्हणाल्या, आणि पोरगी पहिल्यांदा हसली. वरचं झाकण निघालं. आत एक इवलासा खटका होता आणि त्याच्या शेजारी, कुंकवानं लाल झालेला, हळदीत रुतून बसलेला एक अख्खा तांदूळ. नीलाबाईंनी केसातली पिन काढली. तांदूळ निघाला, पण चिकटलेली हळद खटक्याभोवती राहिली. ती खरवडताना त्यांनी श्वास रोखून धरला, कारण पिन जरा जोरात गेली असती तर खटकाच तुटला असता. मग फुंकर मारली आणि स्क्रू न लावताच झाकण दाबून बसवलं.

टिक.

"वाजलं!" केसरबाईच आधी ओरडल्या.

चार एकेचाळीस. पान अजून उघडंच होतं.

"बोल, पहिलं कुठलं?"

"अंबाजोगाई."

"बीड जवळ हाय की," केसरबाई म्हणाल्या. "सकाळी जायचं, सांजच्याला घरी."

"आजी, अंबाजोगाईला दवाखाना मोठा आहे. शिकायला जास्त मिळतं." आरोहीनं एवढंच सांगितलं आणि ती थांबली. नीलाबाईंचं बोट बटणावर तसंच राहिलं. केसरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. नांदूरघाटचा मुक्काम त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"लाव तुझ्या मनाचं," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्यापायी लई उशीर झालाच हाय."

पहिलं नाव उजव्या चौकटीत जाऊन बसलं, मागून बीड, लातूर, आणखी चार. पुन्हा एक आकडा आला, पुन्हा तो दुकानभर वाचला गेला. चार त्रेपन्नला पडद्यावर हिरव्या अक्षरांत पोच आली आणि प्रिंटर कुरकुरत चालू झाला.

केसरबाईंना आकडे कळायचे, पण अक्षरं वाचता येत नव्हती. तरी त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला. "वर काय लिवलंय?"

"अंबाजोगाई," आरोहीनं बोट ठेवून दाखवलं.

"वस्तीगृह हाय का तिथं?"

"आहे, आजी."

"मग गादी लागंल. घरचा कापूस हाय, पिंजायला टाकावा म्हणते."

"आधी कुणाला कुठलं कॉलेज ती यादी लागू द्या, काकू," नीलाबाई हसत म्हणाल्या. "मंगळवारी लागणार हाय."

"लागंल की. पर पिंजाऱ्याकडं उद्या गेलं तर मंगळवारी गादी हातात येती." त्यांनी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. "चल गं पोरी, दुकान बंद व्हायच्या आत खोळीचं कापड बघू."