सुमनकाकूंचा सूर्यास्त

गुहागरला आम्ही उतरलो होतो त्या घरामागची नारळाची वाडी संपली की लगेच समुद्र होता. संध्याकाळी सगळे पाहुणे सूर्यास्त बघायला निघाले, तेव्हा घरमालकीण सुमनकाकू मोदकांची उकड मळत होत्या.

"तुम्ही नाही येत?" माझ्या बायकोनं विचारलं.

"अहो, ही आमची स्वयंपाकाची वेळ. पाहुणे यायला लागल्यापासून संध्याकाळचा समुद्र बघितलाच नाही."

बायकोनं परात स्वतःकडे ओढली. "आज मोदक मी करते. फुटले तर आम्हीच खाऊ. जा तुम्ही."

काकू संकोचत माझ्याबरोबर निघाल्या. वाळू लागताच त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. सगळे पाण्याकडे तोंड करून फोटो काढत होते. काकूंनीही थोडा वेळ सूर्य पाहिला. मग त्या मागे वळल्या आणि माडांमधून दिसणाऱ्या आपल्या कौलांकडे बघत राहिल्या. कौलांवर तांबूस ऊन पडलं होतं.

माणूस सुट्टीला जातो तो बहुधा एवढ्यासाठीच, आपलं रोजचं जगणं जरा लांबून दिसावं म्हणून. आम्हाला त्यासाठी घाट उतरावा लागला. काकूंना वाडी ओलांडणं पुरलं.

"इथून किती छान दिसतं हो आमचं घर!" त्या म्हणाल्या. "लोक उगाच नाही येत."