हयवदनचं ‘गुड’

हयवदनच्या पोटात दुखायला लागलं की खुशाल समजावं, श्रीविद्या मॅडम शंतनुला झापताहेत. हो, झापताहेत! कौतुकावर जळणारे पुष्कळ असतात, हा गडी दुसऱ्याला पडणाऱ्या शिव्यांवर जळायचा.

कन्नड मुलखात, बसवनगुडीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला हा मुलगा, एमडीच्या पहिल्या वर्षाला. त्यांच्या वॉर्डातली रीत अशी, की शिकाऊ डॉक्टरनं पेशंट स्वतः निवडायचा आणि एखाद्या सीनियरला बोलवायचं. सीनियर उभं राहून तपासणी बघणार, मग काय चुकलं ते सांगणार. हयवदनची आधीच बोंब होती. विभागप्रमुख श्रीविद्या मॅडमना तो वर्षअखेरीला कच्चा वाटला, तर सहा महिने मागे! म्हणून तो तापातून उठलेला, घरी निघालेला पेशंट धरायचा आणि ऐन जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर त्रिविक्रम सरांना गाठायचा. भुकेले सर म्हणायचे, "गुड, कीप इट अप." झालं काम.

शंतनु पुण्याहून आलेला, कन्नडच्या नावानं आनंदीआनंद. तरी हा धाप लागलेल्या अज्जी निवडणार, ‘स्वल्प, स्वल्प’, म्हणजे ‘थोडं थोडं’, करत धडपडणार आणि बघायला बोलवणार खुद्द मॅडमना. मॅडम त्याची बिनपाण्यानं करायच्या. वर हा निर्लज्जासारखा विचारायचा, "मॅम, अजून काय चुकलं?"

"गाव माझं, कन्नड माझी आणि मॅडम त्याच्या!" हयवदन घरी थोरल्या बहिणीपुढे धुमसला. "माझ्यावर साधं ओरडत पण नाहीत, अक्का."

"तू बोलवलंस कधी त्यांना?"

तो ताटावरून उठलाच.

झोंबलं होतं ना! दुसऱ्या दिवशी त्यानं वॉर्डातले सगळ्यात हट्टी आजोबा निवडले. साखर चारशेवर आणि इन्शुलिनची सुई अंगाला लावू देईनात. मॅडम येऊन उभ्या राहिल्या. हयवदननं अस्खलित कन्नडमध्ये समजावलं, मग दटावलं, शेवटी आवाज चढवला. आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आता आपलीही खरडपट्टी निघणार, म्हणून हयवदन कान टवकारून उभा राहिला.

"गुड, कीप इट अप," म्हणत मॅडम निघाल्या.

तो मागे धावला. "मॅम, गुड कसं? आजोबा बोलत पण नाहीत माझ्याशी!"

"तुला तेवढंच ऐकायचं असतं ना? आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

सगळ्यांना! जेवणाच्या सुट्टीतली ती हुशारी अख्ख्या विभागाला ठाऊक होती. हयवदनचे कान तापले. तेवढ्यात शंतनु हजर. "मॅम, एक पेशंट बघता?"

"थांब रे!" हयवदन खेकसला. "आधी माझं काय चुकलं ते सांगू देत."

मॅडम वळल्या. "आजोबांना सुई का नको, विचारलंस?"

त्यानं विचारलंच नव्हतं. शंतनुनं मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये पहिलं तेच विचारलं असतं, हे त्याला स्वच्छ ठाऊक होतं.