प्रधानाचे दोन झगे

राजदरबाराच्या मालिकेत पुढं कोण मरणार, हे लेखकाच्या खालोखाल कुणाला ठाऊक असेल, तर कपडेपटातल्या शिंपीमास्तरांना. बघणारे बिचारे खुणा शोधत बसायचे. राणीच्या महालातला दिवा विझला, राजाच्या हातून पेला निसटला, आता कुणाची पाळी? मास्तरांना दिवाही लागत नसे आणि पेलाही. एका पात्राचे एकसारखे दोन कपडे शिवायला आले, की ते पात्र संपलं म्हणायचं. एक अंगात घालायला, दुसरा रक्तात भिजवायला. असे अकरा जण मास्तरांनी आधीच पोचवले होते, आणि घरी बायकोलासुद्धा ताकास तूर लागू दिली नव्हती.

मग एके सकाळी चिठ्ठी आली. प्रधानाचे झगे, दोन.

आता गंमत बघा, प्रधान झाला होता मास्तरांचा सख्खा मेहुणा. सहा वर्षं घरी बसल्यावर कुठं त्याला हे काम लागलेलं. मास्तरांनी चिठ्ठी पुरती न वाचताच खिशात कोंबली, आणि त्यांना जो तो कारस्थानी दिसू लागला. राजा झालेला नट मेहुण्याला हल्ली चहा का पाजतो? लेखक त्याच्याकडं बघून का हसला? रंग लावणारी बाई त्याला "तब्येतीला जपा" म्हणाली, म्हणजे तिलाही कळलेलं दिसतंय. दोन दिवस असे काढून त्यांनी मेहुण्याला इस्त्रीच्या टेबलामागं ओढलं आणि सगळं सांगून टाकलं.

मेहुणा तडक दिग्दर्शकापुढं जाऊन उभा राहिला. मला मारायचंच तर तोंडावर सांगा, म्हणाला, तेही सगळ्यांच्या देखत.

इकडं मास्तरांनी कापड बेतायला चिठ्ठी उलगडली. एका झग्याची छाती अडतीस, दुसऱ्याची चव्वेचाळीस. चव्वेचाळीस म्हणजे सेनापती. खाली लिहिलंही होतं, प्रधानाच्या वेषात तोच राणीच्या महालात शिरणार होता. प्रधानाच्या केसालाही धक्का नव्हता.

पण दिग्दर्शकाचं डोकं फिरलं ते फिरलंच. बातमी कुणी फोडली, ते मेहुण्यानं काही केल्या सांगितलं नाही. तासाभरानं लेखक कपडेपटात आला, मास्तरांच्या चेहऱ्याकडं नको तितका वेळ बघत राहिला, आणि दुसराही झगा अडतीसचाच करा, म्हणाला.

संध्याकाळी मेहुणा झगा घालून आरशापुढं उभा राहिला.

"दाजी, चिठ्ठीत आधीपासून माझंच माप होतं ना दोन्हीकडं?"

मास्तरांच्या दातांत टाचण्या होत्या. त्यांनी नुसती होकाराची मान हलवली. मेहुण्यानं आरशातून ती मान नीट बघून घेतली, आणि तेव्हापासून तो आपले घरचे कपडे दुसऱ्या शिंप्याकडं टाकू लागला.