पावण्यांची पहिली इयत्ता

नाचायला बोलावताना जगात कोण काय म्हणतं मला ठाऊक नाही, पण आमचे पावणं हात पुढे करून म्हणायचे, “पावणं, येताय न्हवं?” समोर पुण्याची कॉलेजातली मुलगी असो, बेंगळूरची कॉम्प्युटरवाली असो, नाहीतर सहा फूट उंचीची परदेशी बाई असो, सगळी पावणंच. दोन-तीन शिबिरांत लोकांनी ते नाव उलट त्यांनाच चिकटवून टाकलं. कागल एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ते इन्स्पेक्शनचे महादेवराव होते. कारखान्याचं गेट सोडून पुण्याच्या बसमध्ये चढले की पावणं.

हा नाच म्हणजे स्विंग. जोडीनं करायचा, जुन्या अमेरिकन बँडच्या संगीतावर. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं त्यांना एकदा सहज एका वर्गाला नेलं, आणि लेक महिन्याभरात कंटाळली तरी बाप चिकटला. “वरातीचाच बँड हाय की,” ते मला समजावून सांगत. “फकस्त ह्यास्नी फुडच्या लग्नाची घाई न्हाय.” वर्षातून दोनदा पुण्यात शनिवार-रविवारचं शिबिर भरायचं. तिथं एकट्या पुरुषाचं नाव वेटिंगवर टाकत, कारण पुरुष आणि बायका सारख्याच संख्येनं लागत. म्हणून पंचावन्न वर्षांचे पावणं एक दिवस स्टोअर्समध्ये माझ्या टेबलापुढं फॉर्म घेऊन उभे राहिले. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि नाच या विषयात माझी मजल गणपतीपुढं टाळ्या वाजवण्यापर्यंत होती. माझ्या वडिलांची परवानगी काढायला ते स्वतः घरी आले. “कवायत हाय बगा,” म्हणाले. “गाण्यावरची.” वडिलांना कवायतीबद्दल फार आदर. मला कुणी विचारलंच नाही.

शिबिराला जायची त्यांची तयारी बघण्यासारखी. पिशवीत चार शर्ट, दोन टॉवेल, पावडर, वेलदोडे आणि नखं कापायचं कटर. चार शर्ट का, हे मला पहिल्या दिवशी अकरा वाजताच कळलं. दर गाण्याला जोडीदार बदलायचा असतो, आणि घामानं भिजलेला माणूस पुढच्या बाईच्या पदरात पडतो. पावणं दर तासाला कोरा शर्ट घालून हजर. आदल्या दिवशी कांदा-लसूण वर्ज्य. बसमध्ये बसल्या बसल्या माझी नखं तपासत. मी एकदा चिडून म्हणाले, मी काय मशीनवरून उतरलेला तुमचा जॉब आहे का तपासायला? तर शांतपणे म्हणाले, “जॉब असता तर रिजेक्ट मारला असता.” आणि कटर माझ्या हातात ठेवलं.

बुटांची गोष्ट वेगळीच. स्विंगला पाय घसरता लागतो, आणि रबरी तळाचा बूट फरशीला धरून ठेवतो. बेंगळूरचे लोक परदेशाहून बूट मागवत. पावण्यांनी साधे कॅनव्हासचे बूट घेतले आणि त्यांच्या नेहमीच्या चपला शिवणाऱ्याकडून खाली चामड्याचा तळ ठोकून घेतला. तो बिचारा म्हणे चार वेळा विचारत होता, “घसरून पडायला पायजे म्हंता?” पुढच्या शिबिराला सात जणांनी आपले बूट आमच्याकडे कोल्हापूरला पाठवले आणि पावण्यांनी ते तळ लावून, व्हर्नियरनं जाडी मोजून, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी बांधून परत नेले.

शिकवणारी जोडी बेंगळूरची होती. मास्तर आणि त्यांची बायको, दोघंही तिशीतली, मराठी जेमतेम समजणारी. जोडीदाराचा हात किती घट्ट धरायचा हे ती दोघं अर्धा-अर्धा तास इंग्रजीत सांगत आणि आम्ही माना हलवत असू. पावण्यांनी मला ते एका वाक्यात सांगितलं. “मशिनीच्या बेल्टवाणी हाय. लई ताणला तर बेरिंग जातंय, ढिला सोडला तर घसरतोय.” मला त्या क्षणापासून नाच यायला लागला, असं मी आजही मानते. मी हात लाकडासारखा ताठ केला की ते हळूच म्हणत, “बेरिंग गेलं, बेरिंग गेलं.”

आणि त्यांचा एक नियम होता. “गाणं मधी सोडायचं न्हाय.” पाय तुडवला गेला, चष्मा उडाला, मोबाईल वाजला, काही होवो, एकदा हात धरला की गाणं संपेपर्यंत सोडायचा नाही. एका दुपारी पुण्यात ऐन गाण्यात लोडशेडिंग झालं. पंखे बंद, गाणं बंद, सगळे हात सोडून पाण्याच्या बाटल्यांकडे धावले. पावणं मात्र एका घाबरलेल्या नव्या मुलीचा हात धरून तोंडानं ‘ढांग टिकि ढांग’ म्हणत नाचतच राहिले. उरलेलं सगळं गाणं तोंडानं वाजवून, शेवटचा ट्रम्पेटसुद्धा काढून, मगच त्यांनी वाकून आभार मानले. ती मुलगी पुढं सगळ्या शिबिरांना येत राहिली.

चार वर्षं झाली तरी पावणं पहिल्याच वर्गात बसत. मी दुसऱ्यात गेले, तिसऱ्यात गेले. मास्तर त्यांना वर ढकलायला बघत, पण हे रविवारी सकाळी पुन्हा नवशिक्यांच्या रांगेत. मला त्याची लाज वाटायला लागली होती, खोटं कशाला सांगू? एकदा परतीच्या बसमध्ये मी चिडून विचारलंच. ते खिडकीकडं बघत म्हणाले, “मला घरात शिकवायचंय. पयल्यापासनं शिकवाय लागतंय न्हवं? म्हणून पक्कं करतोय.”

घरात म्हणजे बायकोला, आमच्या काकींना. “आमच्या वरातीत समदी नाचली,” ते सांगत होते. “मामा नाचलं, सासरा नाचला, डायवर खाली उतरून नाचला. आमी दोघंच बाशिंग बांधून गाडीत बसलो. ही मला हळूच म्हणाली, नाचाय पायजे व्हतं. ते राहिलंय बगा.” मी वेलदोडा मागितला.

अडचण अशी की काकींना गाडी लागायची. एकदा गगनबावड्याला जाऊन आल्या आणि पुन्हा बसचं नाव काढायचं नाही असं त्यांनी बजावलं. शिवाय या नाचाबद्दल त्यांचं मत मला तोंडावर ऐकवून झालं होतं. “ह्या वयात परक्या बायकांचं हात धराय पुण्याला जायाचं, आन् वर चार-चार शर्ट धुयाचं मी!” काकी पुण्याला जाणं शक्य नव्हतं, म्हणून पावण्यांनी शिबिरच कोल्हापूरला आणायचं ठरवलं. दर वेळी मास्तरांना गाठून “एकदा आमच्याकडं या की” सुरू केलं. पाचव्या वर्षी मास्तर हो म्हणाले. मला वाटतं, थकून.

घरापासून चालत पाच मिनिटांवरचं एक मंगल कार्यालय मिळालं. कार्यालयाच्या व्यवस्थापकाला नाचाचं शिबिर ही भानगड कळेना. दारातल्या फळ्यावर वधूवरांची नावं लिहायची पद्धत, फळा कोरा ठेवणं त्याला अशुभ वाटत होतं. “कुणाची तरी नावं द्या,” म्हणाला. पावण्यांनी दिली. शनिवारी सकाळी स्वैपाकाला म्हणून आलेल्या काकींनी दारातच फळा वाचला, ‘चि. महादेव आणि चि. सौ. कां. शालन’. लालेलाल झाल्या. “नातवंडं व्हायची वेळ आली, आन् ह्यो काय चावटपणा?” आणि तरातरा स्वैपाकघरात गेल्या. फळा पुसायला मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

काकी नुसत्या स्वैपाकाला आल्या होत्या. “चाळीस माणसं बाहेरनं येणार, त्यास्नी हॉटेलचं घालणार व्हय?” एवढंच त्यांचं निमित्त. वेळापत्रकात मास्तरांनी लिहिलं होतं: दुपारी हलकं जेवण, अडीचला वर्ग. काकींनी हलकं म्हणजे गोडाचं नाही असा अर्थ घेतला. तांबडा, पांढरा, सुकं मटण, भाकरी, भात, शाकाहाऱ्यांना अख्खा मसूर आणि भरली वांगी. वर आग्रह. वाटी पालथी घातली तर काकी ती सुलटी करून भरत. मास्तरांनी दोनदा हात जोडले, ते काकींना नमस्कार वाटले आणि त्यांनी आशीर्वाद देऊन आणखी एक पळी वाढली.

अडीच वाजता हॉलमध्ये बघावं तर चाळीस माणसं आडवी. मास्तर स्पीकरला टेकून झोपलेले, त्यांची बायको बुटांच्या पिशवीवर डोकं ठेवून. मीही भिंतीकडेला पसरले होते. पावण्यांनी कारखान्याच्या शिस्तीनं ठीक अडीचला गाणं लावलं. कुणी हललं नाही. दोन टाळ्या वाजवल्या. एक जण कूस बदलून घोरायला लागला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी धडपडले ते शिबिर त्यांच्या डोळ्यांदेखत भाकरी खाऊन झोपलं होतं. हॉलच्या मध्यावर, कोरा शर्ट घालून, ते एकटेच उभे होते. मला भयंकर वाईट वाटलं, पण उठवत नव्हतं.

तेवढ्यात स्वैपाकघराच्या दारात काकी आल्या. कुणी जेवायचं राहिलंय का बघायला. अख्ख्या कार्यालयात एकट्या त्याच जेवल्या नव्हत्या, कारण सगळ्यांची पानं उठल्याशिवाय त्या कधीच बसत नसत. पावण्यांनी त्यांच्याकडं बघितलं, आणि हात पुढे केला.

“पावणं, येताय न्हवं?”

काकींनी सगळीकडं नजर टाकली. “कोण बगत न्हाय न्हवं?”

“समदी गार हाईत.”

मी चटकन डोळे मिटले आणि एक किलकिला ठेवला. काकींनी पदराला हात पुसला, पदर खोचला आणि आल्या. पावण्यांनी पहिल्या इयत्तेपासून सुरुवात केली, उजवा पाय मागं. काकींनी तो पुढं टाकला. दोघांची टक्कर झाली.

“मागं जायाचं असतंय.”

“मी का म्हणून मागं जाऊ? तुमी जावा.”

पावणं एक क्षण थांबले, आणि मागं गेले. मग काकी पुढं आणि पावणं मागं, असं ते जमायला लागलं. हात ना ताणलेला, ना ढिला. इतकी वर्षं पक्कं केलेलं सगळं उलटं करून, पावणं काकी नेतील तिकडं जात होते. तोंड असं फुललेलं की मला बघवेना, म्हणजे बघत तर होतेच.

भिंतीकडून कुणीतरी टाळी वाजवली. मग कळलं की निम्मा हॉल माझ्यासारखाच एक डोळा उघडा ठेवून पडला होता. काकी दचकून स्वैपाकघराकडं वळल्या, पण पावण्यांनी हात सोडला नाही. “गाणं मधी सोडायचं न्हाय,” ते म्हणाले. काकी खाली मान घालून, सगळ्यांदेखत, शेवटच्या ट्रम्पेटपर्यंत नाचल्या. गाणं संपल्यावर धापा टाकत म्हणाल्या, “एवढंच व्हय? ह्येच्यासाठी पुण्याला जाताय?”

त्यानंतर पावणं पुण्याला आलेच नाहीत. एकदा कारखान्यात पाहुणे असल्याचं सांगितलं, एकदा दाढ दुखत असल्याचं. तिसऱ्या वेळी ते रिटायर झाले होते, म्हणून मी फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेले. मला रागच आला होता. मला यात ओढून आणणारा माणूस मला एकटीला बसमध्ये बसवून मोकळा होतो म्हणजे काय?

बेल वाजवली. आत बँड चालू होता. बऱ्याच वेळानं दार फटीएवढं उघडलं. काकी. कपाळावर घाम, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. आणि दुसरा हात मागं, आत कुणीतरी धरलेला.

“बस बाई पायरीवर जरा,” त्या म्हणाल्या. “गाणं संपू दे.”

दार लोटलं गेलं. मी मांडीवर फॉर्म ठेवून पायरीवर बसले. गाणं संपलं. मी उठून उभी राहिले, आणि आत लगेच दुसरं लागलं.