गुडघ्यामागचा पट्टा

काल पायातल्या कॅलिपरच्या पट्ट्याला मोहाचं तेल चोळत होते. त्या वासानं मला थेट वडशाच्या देवळाच्या पायरीवर नेऊन उभं केलं.

मी सहा-सात वर्षांची असेन. पोलिओनंतर माझा उजवा गुडघा उभं राहताच मागे वाकायचा. म्हणून हा कॅलिपर: बुटाला जोडलेल्या लोखंडी सळया आणि गुडघ्यामागे चामड्याचा रुंद पट्टा. तो काढून हिला उभी करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

जन्माष्टमी होती. आत भजन रंगलं होतं आणि आई विहिरीवर पाय धुवायला गेली होती. पुजारी दारातच आडवे आले. "चामडं आत नाई चालत. काढा ते." कुणा काकूंनी लगेच पट्टा सोडला आणि मला खांबाशी उभं केलं. गुडघा मागे ताणला, पार मस्तकापर्यंत कळ गेली.

"पाहा, उभी राह्यते की पोरगी!" पुजारी खूश.

उभी म्हणे! माझा गुडघा मोडायला आला होता.

आई ओल्या पायांनी धावत आली. मला मांडीवर घेऊन तिनं आधी पट्टा बांधला, मग मान वर केली. "महाराज, आत ढोलकी वाजून राह्यली, तिले काय केळीचं पान लावलं हाय? तिचं चामडं देवाले चालते, अन् माह्या पोरीचं काऊन नाई चालत?"

आत या, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

तेव्हा वाटलं होतं, आई फारच मोठ्यानं बोलली. आता वाटतं, फारच हळू बोलली.